गोहदची जादा मोहीम

‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्री’ या खेळात ‘सीड्स ऑफ डिस्कन्टेन्ट’ नावाची एक मोहीम आहे. ती सुरुवातीला खेळता येत नाही. राणी कॅथरीन बाप गेल्याची बातमी ऐकून माहेरी, एराथियाला, येते, राजधानी शत्रूने गिळलेली असते, मेलेल्या राजाला मांत्रिकांनी थडग्यातून उठवून कामाला लावलेलं असतं. ही सगळी भानगड सहा मोहिमांमधून निस्तरायची. ती निस्तरली की बक्षीस म्हणून सातवी उघडते. सातवीत राणीचे प्रश्न संपलेले असतात. एराथिया आणि ॲव्हली या दोन राज्यांच्या मधे एक पट्टा आहे, त्याच्यासाठी दोघंही पिढ्यान् पिढ्या भांडत आलेले. त्या पट्ट्यातली माणसं आता उठतात आणि म्हणतात, आम्हाला दोघांपैकी कोणीच नको.

मी ग्वाल्हेरची. आमचं घर गोरखीच्या मागच्या गल्लीत, महाराज बाड्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडच्या माणसाला ही सातवी मोहीम ओळखीची वाटली नाही तरच नवल. आमच्याकडे तिचं नाव गोहद आहे.

पण आधी खेळाविषयी. न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग ही अमेरिकेतली कंपनी, जॉन व्हॅन कॅनेघम यांनी काढलेली. ‘हिरोज’चा पहिला भाग १९९५ चा, दुसरा १९९६ चा, तिसरा १९९९ च्या सुरुवातीचा. घाईचा खेळ नव्हे. पटावर चाली करतात तशा आळीपाळीने चाली करायच्या. एक चाल म्हणजे एक दिवस. सरदार घोड्यावरून फिरतो, खाणी ताब्यात घेतो, गढ्या जिंकतो. सात दिवसांचा आठवडा झाला की गावागावात नवी शिबंदी तयार होते आणि ज्योतिषी जाहीर करतात, हा आठवडा अमुक प्राण्याचा. आमच्या आजीला सगळ्या खेळात तेवढंच पटायचं.

आमच्या गल्लीत हा खेळ आला तो ताज एक्सप्रेसने. दिल्लीला कामासाठी जाऊन-येऊन करणारं कोणी ना कोणी प्रत्येक घरात असायचंच, आणि परतताना पालिका बाजारातली सीडी खिशात असायची. चोरीची प्रत, हे वेगळं सांगायला नको. जागा वाचवायला त्या लोकांनी मधली चलचित्रं कापून टाकलेली असत. त्यामुळे गोष्ट कळायची ती फक्त मजकुरातून. दादाला आणि त्याच्या मित्रांना मजकुरात रस नव्हता, ते धडाधड पुढे जात. इंग्रजी वाचायला मी. आणि ऐकायला आबा, म्हणजे आमचे आजोबा, जे पलीकडच्या खाटेवर झोपल्याचं सोंग करून पडलेले असत.

गोरखी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मधे इथे तळ दिला, तो उठलाच नाही. फौजेच्या तळाचं शहर झालं आणि नावही लश्करच राहिलं. गोरखी हा शिंद्यांचा लश्करातला जुना वाडा. जयाजीरावांनी १८७४ मधे जयविलास बांधला आणि राहणं तिकडे गेलं, पण देवघर गोरखीतच राहिलं. शिंद्यांच्या घराण्याचे गुरू बीडचे मन्सूरशहा अवलिया, त्यांचं स्थानही तिथेच. दसऱ्याला महाराजांची पूजा आजही गोरखीच्या देवघरात होते. वाड्यात पुढे शाळा भरली, कचेऱ्या बसल्या. अटलबिहारी वाजपेयी गोरखीच्याच शाळेत शिकले आणि त्यांचे वडील मास्तर होते. भोवतीच्या वस्तीची नावं घ्या: फालका बाजार, पाटनकर बाजार, चिटनीस की गोठ, ढोलीबुवाचा मठ. पुण्याहून पाहुणा आला की त्याला ही नावं ऐकून हसू येतं, कारण ‘की गोठ’ म्हणताना आम्ही मराठी माणसंसुद्धा हिंदीच बोलतो.

अशा घरात आबांसारख्या माणसाला संगणकावरच्या गढ्या म्हणजे पोरखेळ वाटायला हव्या होत्या. तसं झालं नाही. त्यांची पहिली शंका मला अजून आठवते. खेळात आधी नायगॉन आणि इओफोल या शत्रुराज्यांच्या बाजूने लढून तुम्ही स्टेडविक ही एराथियाची राजधानी पाडता. त्या डावाचं नावच ‘स्टेडविक्स फॉल’. पुढच्या एका मोहिमेत तुम्हीच राणीच्या बाजूने येऊन तीच राजधानी सोडवता. आबा खाटेवरून उठून बसले. “म्हणजे किल्ला घेणाराही हाच आणि सोडवणाराही हाच?” दादा म्हणाला, हो आबा, खेळच तसा आहे. “खेळ कसला, हा तर आपला किल्ला आहे,” आबा म्हणाले.

आणि मग हिशेब सांगत बसले. दादाचा मित्र माउस धरून ताटकळत राहिला.

तो हिशेब मी पुढे इतिहास शिकवायला लागल्यावर ताडून पाहिला. १७८० च्या ऑगस्टमधे ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडे होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉफमने तो एका रात्रीत घेतला. हा किल्ला सरळ चढून घेता येत नाही असाच सगळ्यांचा समज होता. पण गोहदच्या राणाचे हेर आणि डोंगरात वावरणारे चोर यांना एक वाट ठाऊक होती. गुपचूप शिड्या केल्या, खडकावर पाय घसरू नये आणि आवाज होऊ नये म्हणून शिपायांना कापूस भरलेले लोकरी जोडे दिले, आणि कॅप्टन ब्रूसच्या हाताखालची तुकडी पहाटेच्या अंधारात वर गेली. कोट, तोफा, फौजफाटा सगळं जागच्या जागी, आणि किल्ला गेला. इंग्रजांच्या पुस्तकांत या चढाईची वर्णनं रंगवून केलेली आहेत. वाट दाखवणाऱ्यांना त्यांत अर्धी ओळ मिळते.

किल्ला गेला कोणाला? गोहदचा जाट राणा छत्रसिंह याला, ठरल्याप्रमाणे. गोहद ग्वाल्हेरच्या ईशान्येला, आज भिंड जिल्ह्यात. एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला यमुनेपलीकडून येणारी सत्ता, मग ती नवाबाची असो की कंपनीची. मधे हे छोटं राज्य. राघोबादादांनी १७६६-६७ मधे त्याला वेढा घातला होता, तेव्हापासून मराठ्यांशी त्याचं जमलं नव्हतं. कंपनीशी दोस्ती करण्यामागे राणाचं गणित साधं होतं: लांबचा मित्र जवळच्या शत्रूपेक्षा बरा.

पण लांबच्या मित्राला घरी जायची घाई असते. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. सालबाई हे ग्वाल्हेरच्या दक्षिणेला एक खेडं आहे, तिथे आज काही पाहण्यासारखं नाही. मराठे आणि इंग्रज यांच्यातलं पहिलं युद्ध त्या खेड्यात मिटलं आणि मध्यस्थ होते महादजी शिंदे. राणाने आपला करार मोडला असं ठरवून कंपनीने त्याच्यावरचा हात काढून घेतला. महादजींनी वेढा घातला, १७८३ मधे किल्ला परत घेतला, आणि १७८४ च्या आरंभी गोहदही पडलं.

इथे मराठी वाचकाला बरं वाटतं. मलाही वाटायचं. महादजी आपले, किल्ला आपला. शाळेतल्या इतिहासाची मुख्य मोहीम इथे टाळ्या घेऊन पुढे सरकते, दिल्लीकडे.

गोहदची मात्र संपत नाही. १८०४ मधे, दुसऱ्या युद्धात, इंग्रजांनी पुन्हा ग्वाल्हेर घेतलं आणि गोहदच्या राणाला, आता कीरतसिंहाला, त्याचं राज्य मिळालं. दीड-दोन वर्षं. कलकत्त्यात धोरण बदललं, खर्च फार होतोय असं वरच्यांना वाटू लागलं. १८०५ च्या नोव्हेंबरमधल्या तहाने ग्वाल्हेर आणि गोहद दोन्ही दौलतरावांना परत मिळालं आणि चंबळ ही सरहद्द ठरली. राणाला बदल्यात चंबळेपलीकडचं धोलपूर देऊन टाकलं. गाव, शेतं, सगळं मागे ठेवून राजघराणं नदीपलीकडे गेलं आणि धोलपूरचं राजघराणं झालं. ‘सीड्स ऑफ डिस्कन्टेन्ट’मधल्या डावांची नावं अशी आहेत: पहिला ‘द ग्रेल’, दुसरा ‘द रोड होम’, तिसरा ‘इंडिपेन्डन्स’. त्या पट्ट्यातल्या लोकांना शेवटी स्वातंत्र्य तरी खेळायला मिळतं. कीरतसिंहाला घरी जायची वाट मिळाली, ती दुसऱ्याच्या घरी जाणारी.

पुढचे हात मी भराभर सांगते. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार या दोन लढाया एकाच दिवशी झाल्या, शिंद्यांची फौज हरली, किल्ल्यावर इंग्रज बसले. १ जून १८५८ ला तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीची राणी यांनी ग्वाल्हेर घेतलं, शिंद्यांची फौज त्यांना मिळाली आणि जयाजीराव आग्र्याला पळाले. तीन आठवड्यांच्या आत राणी लक्ष्मीबाई पडली आणि ह्यू रोजने किल्ला परत घेतला. १८८६ मधे इंग्रजांनी किल्ला जयाजीरावांना दिला आणि बदल्यात झाशी घेतली. झाशी! आबा इथे नेहमी थांबत आणि कपाळाला हात लावत.

खेळातल्या ग्रेलचं, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचं, आबांना कौतुक वाटायचं ते निराळ्या कारणाने. नकाशावर जागोजागी दगडी स्तंभ असतात. एकेका स्तंभाला भेट दिली की एका कोड्याचा एकेक तुकडा उलगडतो आणि शेवटी नेमकी कुठे कुदळ मारायची ते कळतं. खणायला अख्खा दिवस जातो. सापडलं आणि गावात नेऊन बसवलं, तर रोज पाच हजार मोहरा जादा. हे मी वाचून दाखवलं तेव्हा आबा म्हणाले, “गंगाजळी.” शिंद्यांचा खजिना किल्ल्यातल्या तळघरांत होता, त्याला गंगाजळी म्हणत, आणि त्याच्या वाटेचं गुपित म्हणजे बीजक. ते बापाने मुलाला सांगायचं असा रिवाज. जयाजीराव १८८६ च्या जूनमधे वारले तेव्हा माधवराव अजाण होते, बीजक सांगायचं राहून गेलं, मग शोधाशोध झाली, असं लश्करात पिढ्यान् पिढ्या सांगतात. प्रत्येक घरात ती गोष्ट थोडी वेगळी असते, आणि प्रत्येक घरातल्या एका तरी पूर्वजाने ती तळघरं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असतात.

आम्ही हा खेळ खेळायचो त्या वर्षांत वीज हा वेगळाच शत्रू होता. नोव्हेंबर २००० मधे छत्तीसगड निघालं, त्याच्याबरोबर विजेची कितीतरी केंद्रं गेली, आणि मध्य प्रदेशात भारनियमनाने माणसं हैराण झाली. २००३ ची निवडणूक बिजली-सडक-पानीवरच लढली गेली. मोहीम खेळणाऱ्याला त्यातून एक शिस्त लागली: प्रत्येक मोठ्या लढाईआधी डाव जतन करायचा. या खेळात एका संगणकावर पाच-सहा जण आळीपाळीने बसू शकत, त्याला हॉट सीट म्हणतात, आणि आमच्यासारख्या गल्लीत जिथे चार घरं मिळून एक संगणक होता तिथे ते फार सोयीचं होतं. आपली चाल झाली की उठायचं, दुसऱ्याला पाठ करून उभं राहायचं. दादाचा एक मित्र आरशातून बघायचा. त्याला पुढे पोलिसात नोकरी लागली.

मूळ खेळानंतर न्यू वर्ल्डने दोन पुरवण्या काढल्या. १९९९ च्याच शेवटाकडे ‘आर्मगेडन्स ब्लेड’. तिच्यात एक यंत्रयुगीन गाव आणायचं ठरलं होतं, पण जादूच्या दुनियेत तोफा-यंत्रं नकोत म्हणून खेळणाऱ्यांनी असा गोंधळ घातला की कंपनीने ते गाव रद्द करून ‘कॉन्फ्लक्स’ नावाचं दुसरं घातलं. २००० मधे ‘शॅडो ऑफ डेथ’. माझ्या मते या खेळाचं खरं वैभव त्या दोन पुरवण्यांतल्या लहान मोहिमांत आहे. ‘आर्मगेडन्स ब्लेड’मधे एक मोठी मोहीम आहे, सैतानाची तलवार वगैरे, ती मला कधीच फार आवडली नाही. तिच्या बाजूच्या पाच पाहा. म्युटेअर नावाची बाई ड्रॅगनचं रक्त पिऊन स्वतःच ड्रॅगन होते. ड्रॅकॉन नावाच्या पोराला ड्रॅगन मारणारा म्हणून नाव कमवायचं आहे. किल्गोर रानटी टोळ्यांच्या जत्रेत जिंकून राजा होतो. एड्रियन ही आगीची जादू जाणणारी बाई आपल्या दलदलीच्या मुलखात परतून मुडदे उठवणाऱ्यांशी झुंजते. आणि सर ख्रिश्चन बिचारा भलत्याच किनाऱ्याला लागलेला, त्याला फक्त घरी जायचं आहे. जगाचा नाश, राजवंशाचा अंत असलं काही नाही. पाच माणसं, पाच हट्ट.

‘शॅडो ऑफ डेथ’ची रचना अधिक हुशारीची आहे. जेम, गेलू, क्रॅग हॅक आणि योग, चौघांच्या चार मोहिमा. त्यांतल्या जेमला आणि क्रॅग हॅकला सँड्रो नावाचा मांत्रिक गोड बोलून काही ना काही आणायला पाठवतो. आपण दोन्ही वेळा इमानाने वस्तू गोळा करून देतो, आणि मग सँड्रोच्या स्वतःच्या मोहिमेत कळतं की त्या वस्तू जोडून त्याने आपल्याच विरुद्ध हत्यार केलं आहे. गोहदच्या राणालाही असंच कळलं असेल, पॉफमसाठी वाट दाखवून झाल्यावर. पुढे चौघं एक होऊन सँड्रोला हरवतात आणि शेवटी ‘स्पेक्टर ऑफ पॉवर’मधे पुन्हा सँड्रोच. विजयाची पंगत उठल्यावर हरलेल्याचं बोलणं ऐकवायचं, ही या लेखकांची खोडच होती.

ही गंमत पुढे धंद्याने खाल्ली. ‘हिरोज क्रॉनिकल्स’ या नावाने कंपनीने लहान लहान मोहिमा सुट्या करून विकायला काढल्या, त्यांतल्या दोन आधीच्या गिऱ्हाइकांना फुकट दिल्या. सगळ्यांत नायक एकच, टार्नम. २००३ मधे थ्रीडीओ ही मालक कंपनी बुडाली आणि ‘माइट अँड मॅजिक’ हे नाव फ्रान्सच्या युबिसॉफ्टने विकत घेतलं. २०१५ मधे युबिसॉफ्टने तिसरा भाग नव्याने रंगवून बाजारात आणला, त्यात दोन्ही पुरवण्या नव्हत्या. त्यांचा मूळ सोर्स कोडच हाती लागला नाही. म्युटेअर, योग, सँड्रो, सगळ्यांच्या मोहिमा या नव्या आवृत्तीतून गायब. त्या जगल्या त्या लोकांनी ठेवलेल्या जुन्या तबकड्यांत, आणि २००० च्या सुमाराच्या ‘कम्प्लीट’ आवृत्तीत.

शिंद्यांच्या बाबतीत वेगळं काही घडलेलं नाही. आनंदराव भाऊ फाळके यांनी ग्वाल्हेरात बसून ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ छापली, त्यातला केवढा तरी ऐवज कोट्याच्या गुळगुळ्यांच्या दप्तरातला आहे. म्हणजे शिंद्यांच्या घरची बोलणी शिंद्यांच्या कचेरीत न सापडता त्यांच्या कामदाराच्या घरात सापडली. मोडी वाचणारी आबांची पिढी गेल्यावर असली किती दप्तरं रद्दीत गेली त्याचा विचार मी करत नाही.

‘आर्मगेडन्स ब्लेड’बरोबर एक अवजारही मिळालं होतं, मोहीम रचण्याचं. नकाशे बनवायची सोय मूळ खेळात होतीच, आता ते नकाशे एकामागे एक ओवून, मधे मजकूर घालून, सरदाराची विद्या आणि हत्यारं पुढच्या डावात नेता येऊ लागली. जगभर लोकांनी त्यात आपापल्या गोष्टी घातल्या. रशियातल्या खेळणाऱ्यांनी तर पुढे ‘हॉर्न ऑफ द अबिस’ या नावाने नवी गावंच जोडली, २०११ पासून ते काम चालू आहे.

आमच्या घरात दादाने ग्वाल्हेर करायला घेतलं. मधे उभा लांबट डोंगर, त्यावर किल्ला. नकाशाला जमिनीखालचा मजला देता येतो, तिथे मानमंदिराची तळघरं, जिथे औरंगजेबाने भाऊ मुराद याला कोंडून मारवलं. वर चंबळ, खाली सिंध, उजवीकडे वर गोहद. शिंद्यांना नारिंगी रंग, कंपनीला लाल, गोहदला हिरवा. पहिला डाव १७८० चा. किल्ल्याच्या मागच्या बाजूला एक चोरवाट, तिच्यावर मामुली पहारा.

अडलं ते १८०५ वर. या अवजारात जिंकण्याच्या अटी ठरलेल्या आहेत: अमुक गाव घ्या, अमुक सरदाराला हरवा, इतकं सोनं जमवा, अमुक वस्तू अमुक गावी पोचवा. दोन गावांची अदलाबदल करा, अशी अट नाही. तहात राज्य देऊन टाकणं तिथे बसतच नाही. दादाने शेवटी तोडगा काढला, राणाने एक पेटी उचलून चंबळेपलीकडे धोलपूरला नेऊन ठेवायची, की डाव संपला. आबांना ते आवडलं. पेटीत काय, ते मात्र त्यांनी दादाला लिहू दिलं नाही.

मोठा वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. दादाने खेळणाऱ्याला अर्थातच नारिंगी रंग दिला होता. महादजी व्हायचं सोडून दुसरं कोण होणार? आबांनी मला चष्मा आणायला सांगितला, पडद्याजवळ खुर्ची ओढली आणि म्हणाले, “शिंदे आणि कंपनी मशीनला खेळू दे. खेळणाऱ्याला गोहद दे.”

दादाने कुरकुरत बदल केला. हिरवा रंग घेऊन आबाच बसले, मी माउस चालवत होते. पहिल्या महिन्यात किल्ला मिळाला, चोरवाटेने. दुसऱ्या महिन्यात लाल झेंडा निघून गेला, कारण दादाने तसंच लिहिलं होतं. तिसऱ्यात नारिंगी फौजा दोन बाजूंनी आल्या आणि गोहद पडलं. दादा हसत सुटला. आबा म्हणाले, “हसतोस काय? वाट दाखवणारे चोर कुठे आहेत तुझ्या नकाशात? त्यांना पगार कोण देणार होतं?”

दादाने दुसऱ्या दिवशी चोर घातले.